थांबण्याचा रकाना

मी गेली आठ वर्षं एकच तक्ता करते आहे. मुलं बदलतात, कॉलेजं बदलतात, डॉलरचा आणि दिरहमचा भाव बदलतो, तक्ता तोच राहतो. डाव्या बाजूला शिक्षणाचा सगळा खर्च, उजव्या बाजूला शिक्षण संपल्यावर मिळू शकणारा पगार आणि तळाशी एक आकडा: कर्ज किती वर्षांत फिटेल.

शारजाच्या रोल्ला भागात, घड्याळांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. बारावी झालेल्या मुलांनी पुढे कुठे शिकावं याचा सल्ला आम्ही देतो. म्हणजे सल्ला आमचे वर्गीस सर देतात. मी मागच्या टेबलावर बसून तक्ता करते आणि प्रिंट पुढे पाठवते. ही वाटणी मला फार सोयीची होती. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझ्या तळव्यांना घाम येतो, आणि आमच्याकडे येणारे सगळे अनोळखीच असतात.

मराठीत लिहायची मला सवय नाही हे आधीच सांगते. माझं सगळं शिक्षण इथेच, इंग्रजीतून झालं. आई-बाबा अबू धाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीत राहतात. घरात मराठी बोलायचं आणि सुटीत आईने आणलेली मराठी पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची, हा आईचा नियम होता. तो नियम मला तेव्हा जाचायचा. पुढे तो कुठे उपयोगी पडला तेच सांगायला ही लेखणी हातात घेतली आहे.

आमच्याकडे येणाऱ्यांत नर्सिंगवाले निम्मे तरी असतात. आखाती देशांतल्या प्रत्येक कुटुंबाने कधी ना कधी एखाद्या भारतीय नर्सच्या हातून सुई टोचून घेतलेली असते, आणि तिचा भाऊ, नवरा, सासू हे सगळे तिच्या पगारावर कसे उभे राहिले ते ऐकलेलं असतं. त्यामुळे आईवडील येतात ते ठरवूनच येतात. त्यांना फक्त देश ठरवायचा असतो.

अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं ही या बाजारातली जरा वेगळी गोष्ट. ही तिथली सरकारी, त्या त्या भागातल्या लोकांसाठी चालवलेली कॉलेजं. मोठ्या विद्यापीठांपेक्षा फी कितीतरी कमी. परदेशी मुलांना ती काही पटीने जास्त पडते, तरीही कमीच. दोन वर्षांत नर्सिंगची पदवी, मग तिथली परवाना परीक्षा, ती पास झालं की रजिस्टर्ड नर्स. चार वर्षांची महाग पदवी घेतलेल्या मुलीचा आणि हिचा पहिला पगार जवळजवळ सारखा. खर्च कमी आणि पगार तोच, त्यामुळे तक्त्याच्या तळाशी येणारा आकडा इतका देखणा असतो की पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मी सूत्र चुकलं असेल म्हणून तीनदा तपासलं होतं.

पगाराचे आकडे मी माहितीपत्रकातून घेत नाही. याचा मला थोडा गर्व आहे. माहितीपत्रकात पगार नेहमी सगळ्यात हुशार मुलीचा असतो. मी शिकून गेलेल्या मुली शोधते, त्यांना मेसेज करते, आणि शेवटी नाइलाज म्हणून फोन करते. पहिल्या वर्षी प्रत्येक फोनच्या आधी मी बोलायची वाक्यं कागदावर लिहून घ्यायचे. "नमस्कार, मी तुमचा पगार विचारायला फोन केला आहे" हे वाक्य सभ्यपणे म्हणायची कुठल्याच भाषेत सोय नाही. पण नर्सेस सांगतात. थकलेल्या आवाजात, पाठीमागे कुकरची शिट्टी वाजत असताना, पगार, भाडं, कापून जाणारा कर सगळं सांगतात आणि वर विचारतात, "पोरगी कितवीत आहे?"

गिऱ्हाइकंही एकेक असतात. पुण्याचे एक इंजिनिअर स्वतःचाच तक्ता घेऊन आले होते. त्यात पुढच्या तीस वर्षांची महागाई धरलेली होती, चलनाच्या चढउताराचे तीन वेगवेगळे अंदाज होते. वर्गीस सर घामाघूम झाले. मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "डॅड, आय फेंट. रक्त दिसलं की आय लिटरली फेंट." वडिलांनी तक्त्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "हे यात कुठे धरता येईल का?"

तर अशा सुखात माझं दीड वर्ष गेलं. आणि मग सुमैया आली.

तिचे वडील जवळच्याच फर्निचरच्या दुकानाची गाडी चालवायचे. आई शाहिदाआंटी घरी मसाले कुटून विकायच्या. त्या आल्या की ऑफिसात मिरचीचा वास राहायचा आणि वर्गीस सर एसी वाढवायचे. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठच्या एका गावचे. सुमैया बारावीत शाळेत दुसरी आली होती. माझ्यासारखीच कमी बोलणारी. आईने मराठीत विचारलं की ही इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही दोन शब्दांत.

"नर्सच का?" वर्गीस सरांनी हिंदीत विचारलं.

"आय लाइक इट," ती म्हणाली.

"अरे सर, हिच्या नानीचं डायलिसिस दोन वर्षं हिनेच बघितलं," शाहिदाआंटी म्हणाल्या. "आमच्या हाताला नानी टोचू द्यायची नाही. हिचा हात लागला की गप."

मी तीन तक्ते केले. इथल्या खासगी कॉलेजचा, भारतातल्या चार वर्षांच्या पदवीचा आणि अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचा. तिसरा इतर दोघांना मागे टाकून गेला. खर्च दीड लाख दिरहम, म्हणजे तेव्हाच्या भावाने एकोणतीस-तीस लाख रुपये. फेडायला तीन वर्षं आणि थोडे महिने. मी तो आकडा ठळक केला.

"व्याज धरलंय?" सुमैयाच्या वडिलांनी विचारलं.

"हो, बँकेच्या दराने."

"ते काढून टाका. आम्ही व्याजाचं कर्ज घेत नाही. जमात देणार."

जमात म्हणजे त्यांच्या गावाची इथली मंडळी. कोणी क्रेन चालवतं, कोणी दुबईत अकाउंटंट आहे, कोणाचं भाजीचं दुकान. प्रत्येक कमावता माणूस दर महिन्याला थोडे पैसे टाकतो आणि त्यातून वर्षाला गावच्या एका मुलाला शिक्षणासाठी मोठी मदत मिळते. व्याज नाही. नोकरी लागली की त्याने परत करायचे, आणि परत आलेले पैसे पुढच्या मुलाला जायचे. मी व्याजाच्या रकान्यात शून्य घातलं. तळाचा आकडा आणखी देखणा झाला.

त्यानंतर शाहिदाआंटी म्हणाल्या, "मिस, रविवारी मीटिंग आहे. तुम्हाला यावं लागेल."

"मी? सर येतील ना."

"कागद तुम्ही केला ना? आमच्यात ज्याने कागद केला त्यानेच वाचून दाखवायचा. तसा नियम आहे."

वर्गीस सर खुश झाले. "जाओ, जाओ. कम्युनिटी कॉलेज से तो मुझे एक फिल्स कमिशन नहीं मिलता. लेकिन चालीस फॅमिली एक साथ कहाँ मिलेंगी? व्हिजिटिंग कार्ड ले जाना." कार्डावर माझ्या नावाखाली 'एज्युकेशन ॲनालिस्ट' असं छापलेलं होतं.

मीटिंग रोल्लातल्याच एका मोठ्या फ्लॅटमध्ये होती. बाहेरच्या खोलीत गालिच्यावर तीसेक पुरुष, आतल्या खोलीत बायका, मधलं दार उघडं. दारात सुमैया बसली होती, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मला पुढे एक खुर्ची दिली आणि बिनदुधाचा सुलेमानी चहा दिला.

समोर भिंतीला टेकून दाऊदचाचा बसले होते. ताडपत्री शिवायच्या छोट्या दुकानाचे मालक, जमातीतले सगळ्यांत वयस्क. मी बॅगेतून प्रिंट काढून वाटायला लागले तसा त्यांनी हात वर केला.

"वाटू नको. वाच."

"इंग्रजीत आहे," मी म्हणाले.

"मग मराठीत वाच. मला वाचता येत नाय. ज्यांना येतं त्यांनी पण ऐकू दे."

जमातीचे सेक्रेटरी इम्तियाझभाई, तेच दुबईतले अकाउंटंट, माझ्या बाजूला झुकून म्हणाले, "सॉरी हां मॅडम. जुना नियम आहे. पूर्वी लोकांनी न वाचता कागदांवर अंगठे दिले आणि इथे येऊन फसले. तेव्हापासून आपल्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय कागद पास होत नाही. आता सगळे शिकलेत, तरी चाचा ऐकत नाहीत."

"कान अजून शाबूत हायेत इम्तियाझ," चाचा म्हणाले. सगळे हसले.

मी वाचायला लागले. आपणच केलेला तक्ता, पण तो इंग्रजीत केलेला. एकेक ओळ मनातल्या मनात मराठीत आणायची आणि मग तोंडातून काढायची. फी. राहणं. जेवण. विमा. पुस्तकं. गणवेश. परवाना परीक्षा. आवाज आधी फारच बारीक येत होता. मागून कोणीतरी म्हणालं, "जरा मोठ्याने, बेटी." मी मोठ्याने वाचलं. मग 'कालावधी' आला.

"दोन वर्षं," मी म्हणाले. "अधिक प्री-रिक्विझिट्स."

"ते काय?"

मी थांबले. हा शब्द मी आयुष्यात शेकडो वेळा वाचला होता, टाइप केला होता. तो कधी कोणाला सांगावा लागला नव्हता. "म्हणजे... नर्सिंगला बसायच्या आधी काही विषय करावे लागतात. शरीररचना, जीवशास्त्र, रसायनशास्त्र."

"ते कुठे करायचे?"

"तिथेच. त्याच कॉलेजात."

"त्या दोन वर्षांत?"

"नाही. त्याच्या आधी."

"किती दिस?"

"एक वर्ष लागतं. कधी थोडं जास्त."

"म्हणजे तीन वर्षं. तू दोन वाचलीस."

दाऊदचाचांचा आवाज चढलेला नव्हता. एखादी शिवण उसवून बघावी तसे ते शांतपणे विचारत होते.

"बरं. ते विषय झाले. मग आत घेतात?"

"मग अर्ज करायचा. जागा ठरावीक असतात."

"नंबर नाय लागला तर?"

"तर पुढच्या वेळी करायचा."

"आणि तवर पोर काय करणार?"

"थांबणार," मी म्हणाले.

"खाणार काय?"

मी कागदाकडे पाहिलं. कागदावर याचं उत्तर नव्हतं. हे सगळं मला माहीत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. कॉलेजच्या वेबसाइटवर मी ते वाचलं होतं आणि तळटीपेत लिहिलंही होतं, बारीक अक्षरांत, इंग्रजीत. रकान्यात आकडा हवा होता म्हणून मी 'दोन' घातला, आणि तळाशी सुंदर उत्तर आल्यावर पुन्हा वर पाहिलं नाही.

इम्तियाझभाई जरा चिडून म्हणाले, "चाचा, हे अमेरिका आहे. तुमच्या जमान्यासारखं नाही. सगळं सिस्टिमवर चालतं. गूगलवर बघा."

"माझ्या एजंटची पण सिस्टिम होती," दाऊदचाचा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पोरी, मी मुंबईला अकरा महिने थांबलो. डोंगरीला गावाची खोली होती, चौदा जण झोपायचो. एजंट बोलला, पंधरा दिसांत व्हिसा. तिकिटाचे पैसे सांगितले, व्हिसाचे सांगितले, त्याचे स्वतःचे सांगितले. थांबायचे नाय सांगितले. गावावरून आई भात पाठवायची. नंतर भात पण उसना आणलेला होता हे कळलं. इथे आल्यावर पयली दोन वर्षं मी फक्त ते थांबलेलं फेडलं." त्यांनी चहाचा कप उचलला. "एजंट थांबायचे पैसे कधीच सांगत नाय."

ते मला टोमणा म्हणून म्हणालेही नव्हते. पण बॅगेत कार्डांचं बंडल होतं, आणि मी कोण आहे हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

माझ्या तोंडून जे निघालं त्याची मी आधी तयारी केलेली नव्हती. "माझा कागद चुकलाय," मी म्हणाले. "ती किती थांबेल ते मला माहीत नाही. मी विचारलंच नाही."

मला वाटलं होतं, आता लोक ओरडतील. सुमैयाच्या वडिलांचा चेहरा बघवत नव्हता, कारण जमातीकडे त्या वर्षी दुसऱ्या एका मुलाचाही अर्ज होता आणि हा कागद नापास झाला तर मदत तिकडे जाणार होती. दाऊदचाचांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मग विचार," ते म्हणाले. "आणि एक रकाना वाढव. पंधरा दिसांनी परत वाच. तवर पैसे कुठे जात नाय."

ते पंधरा दिवस मी जितकी बोलले तितकी त्याआधी वर्षभरात बोलले नसेन. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजले की तिथे सकाळ होते. मी कॉलेजला फोन केले. एका बाईंनी फार प्रेमाने सांगितलं की रांग आहे, काही जण दोन-तीन सत्रं थांबतात, काही जास्त, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत आम्ही काहीच हमी देऊ शकत नाही. त्या रांगेतून गेलेल्या चार मुली शोधल्या. तोवर मी अशा मुलींना फक्त पगार विचारत आले होते. आता विचारलं, "थांबलात किती?" एकजण म्हणाली, "हे मला अजून कोणी विचारलं नव्हतं." थांबलेल्या काळात व्हिसा टिकवायला नको असलेले विषय घ्यावे लागतात आणि त्यांची पूर्ण फी भरावी लागते. बाहेर काम करायची मुभा नाही. वर्गीस सर दर संध्याकाळी घड्याळ दाखवायचे. "कस्टमर को दो लाइन चाहिए, तुम महाभारत लिख रही हो."

नवा तक्ता दोन पानांचा झाला. 'थांबणं' असा रकाना घातला. त्यात एक आकडा नव्हता, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन होते. तळाशी तीनच्या जागी साडेसहा वर्षं आली, तीही नंबर लागला तर. मी यावेळी तक्ता मराठीतच केला. टाइप करायला तीन दिवस लागले.

पंधरा दिवसांनी तीच खोली, तीच खुर्ची. मी वाचलं. कोणी मध्ये बोललं नाही. संपल्यावर दाऊदचाचा म्हणाले, "आता कागद खरा आहे." आणि मग जे झालं ते मी आजवर कोणाला नीट सांगू शकलेले नाही.

भाजीच्या दुकानाचे मालक उठून म्हणाले, "थांबायला लागलं तर माझ्याकडून वर्षभर दुप्पट." क्रेन चालवणारे म्हणाले, "माझं पण लिहा." आतल्या खोलीतून एक बाई म्हणाल्या, "आमच्या बायकांच्या भिशीतून सहा महिने." इम्तियाझभाई भराभर लिहीत होते. बँकेला हा कागद दाखवला असता तर बँकेने हात आखडता घेतला असता. इथे खरा खर्च कळल्यावर लोक हात पुढे करत होते. माझ्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं त्यात हे नव्हतं.

"पोरीला विचारा," दाऊदचाचा म्हणाले.

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. सुमैयाने आधी आईकडे पाहिलं, मग इंग्रजीत सुरुवात केली, "आय डोंट माइंड वेटिंग, चाचा." मग थांबली आणि तिला येत असेल असं आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं अशा चोख मराठीत म्हणाली, "थांबायची मला भीती नाही. पण मी तिथे थांबले की माझे पैसे परत यायला तितकी वर्षं जास्त लागणार. तोपर्यंत इथे पुढचं कोणीतरी थांबणार. मी एकटी थांबत नाही ना."

इम्तियाझभाईंनी पेन खाली ठेवलं.

दाऊदचाचांनी मला विचारलं, "हे तुझ्या कागदात होतं?"

"नाही," मी म्हणाले.

"आमच्या पण डोक्यात नव्हतं," ते म्हणाले.

तिने भारतातली चार वर्षांची पदवी निवडली. कोल्हापूरला. माझ्या पहिल्या दिवसाच्या तीन तक्त्यांतला तो सगळ्यांत खालचा होता. जमातीचे पैसे तिला आणि त्या दुसऱ्या मुलालाही पुरले. शाहिदाआंटी मात्र फ्लॅटच्या जिन्यात रडल्या. "मिस, तुम्ही तो पहिला कागद दाखवायलाच नको होता," त्या म्हणाल्या.

एक गोष्ट सांगितली नाही तर हे लिहिणं माझ्या पहिल्या तक्त्यासारखं होईल. त्याच वर्षी प्रियांका नावाची एक मुलगी आमच्याकडे आली होती. वडील दुबईत बँकेत. तिचा जन्म अमेरिकेतला, त्यामुळे पासपोर्ट तिकडचा, आणि मामाचं घर कॉलेजपासून वीस मिनिटांवर. ती त्याच कॉलेजात गेली. ती तीन सत्रं थांबली. थांबताना एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम केलं, मामीच्या हातचं जेवली. आज ती तिथे रजिस्टर्ड नर्स आहे, आणि तिचा पगार फोनवर ऐकला की मी तो दिरहममध्ये करते आणि मग रुपयांत करते. कॉलेज तेच, रांग तीच, पदवी तीच. ज्याच्याकडे थांबायची सोय आहे त्याच्यासाठी तो तळाचा देखणा आकडा अगदी खरा आहे. सुमैयाचा हात जास्त चांगला होता असं मला वाटतं. पण हाताचा रकाना मला अजून करता आलेला नाही.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. तक्ता पुढे पाठवायच्या आधी मी तो त्या कुटुंबाला त्यांच्या भाषेत वाचून दाखवते. मराठी, हिंदी, आणि आता मोडकंतोडकं मल्याळमसुद्धा. लोक चुळबुळ करतात, मुलं मोबाइल काढतात. वर्गीस सर आधी हसायचे, आता ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलांनाही तेच करायला लावतात आणि ही आपलीच कल्पना असल्याचं सांगतात. वाचताना जीभ कुठे अडखळते ते मी बघते. चूक बहुतेक तिथेच असते. मीटिंगला नेलेलं कार्डांचं बंडल तसंच परत आणलं होतं, ते अजून खणात आहे.

या वर्षीच्या उन्हाळ्यात सुमैयाला नेहमीसारखा फोन केला. तिने कोल्हापूरला पदवी घेतली, तिथल्याच रुग्णालयात वॉर्डात काम केलं, इथली परवाना परीक्षा दिली आणि शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका रुग्णालयात लागली. मी पगार विचारला. तिने सांगितला.

"आणि थांबलीस किती?"

"सात महिने. कागदपत्रांची पडताळणी चालू होती तेव्हा. लिहा मिस, सात. सर्टिफिकेटवर नाव एका ठिकाणी वेगळं पडलं होतं म्हणून दोन महिने त्यातच गेले. तेही लिहा. पुढच्या मुलीला सांगायला होईल."

जमातीचे पैसे ती फेडते आहे. अजून दीड वर्ष लागेल. तिने फेडलेल्यातून एका मुलीची पहिल्या वर्षाची फी या जूनमध्ये गेली. ती म्हणाली, पगाराची स्लिप हवी असेल तर येऊन घेऊन जा, पाठवत बसायला वेळ नसतो.

मी दुपारी गेले. ती अपघात विभागात होती. निळ्या गणवेशात मी तिला आधी ओळखलं नाही. खाटेवर एक बांगलादेशी माणूस बसला होता, कारखान्यात बोटं यंत्रात सापडलेला. हाताला पांढरं गुंडाळलेलं. दुसऱ्या हातात पेन, समोर संमतीचा कागद, अरबी आणि इंग्रजीत. तो सही करायच्या बेतात होता. सुमैयाने पेन हळूच काढून घेतलं.

"रुको भाई. पहले सुनो."

आणि ती हिंदीत वाचायला लागली. ओळ न ओळ. कोणतं बोट, काय कापणार, काय शिवणार, भूल कशी देणार. काउंटरवरचा माणूस दोनदा ओरडला, "यल्ला सिस्टर! खलास, साइन इट!" तिने मान वर केली नाही. तिच्या दोन्ही बाजूंनी स्ट्रेचर जात होते, मशीनचे आवाज येत होते, आणि ती दुसरीकडे कुठे जायचंच नसल्यासारखी वाचत होती. आमच्या ऑफिसात दोन शब्दांत उत्तर देणारी ही मुलगी. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले.

वाचून झालं. "कुछ पूछना है?"

त्या माणसाने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सिस्टर, कितना दिन बैठना पड़ेगा? काम नहीं तो पैसा नहीं."

सुमैयाने कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला, या वेळी मनात. मग उलटून मागे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. तिने पेन खिशाला लावलं.

"इस पर लिखा नहीं है," ती म्हणाली. "साइन मत करो. मैं डॉक्टर से पूछकर आती हूँ."

ती गेली. त्या माणसाने मला बसायला खुर्ची दाखवली, आणि आम्ही दोघं थांबलो.